लॅपटॉपवर एमएसआय आफ्टरबर्नर : दीड वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

ग्राफिक्स कार्डाचा वेग आणि विजेचा वापर पाहण्या-बदलण्याचा एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्रॅम लॅपटॉपवर पहिल्यांदा उघडला की थोडी निराशाच पदरी पडते. डेस्कटॉपवरची चित्रे पाहून आपण तो उतरवून घेतलेला असतो, आणि इथे मात्र कोअर व्होल्टेज, पॉवर लिमिट आणि टेंपरेचर लिमिट या तिन्ही पट्ट्या बहुधा करड्या पडलेल्या असतात, पंख्याचा वेगही सहसा हाती लागत नाही, आणि सरकवण्याजोग्या उरतात त्या कोअर क्लॉक (कार्डाच्या चिपचा वेग) आणि मेमरी क्लॉक (कार्डाच्या मेमरीचा वेग) या दोनच. सेटिंग्जमध्ये जाऊन 'अनलॉक व्होल्टेज कंट्रोल'वर खूण केली तरी बहुतेक लॅपटॉपांवर काही फरक पडत नाही. पहिल्या संध्याकाळी मी ती खूण चार वेळा काढून पुन्हा केली, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि प्रोग्रॅममध्येच काहीतरी बिघाड असावा असे ठरवून मोकळा झालो. बिघाड नव्हता. त्या पट्ट्यांना कुलूप कार्डाच्या फर्मवेअरमधूनच, म्हणजे त्यात कायमच्या भरलेल्या सूचनांमधूनच, लावलेले असते, आणि ते का लावलेले असते हे समजून घेतल्याशिवाय हे साधन लॅपटॉपवर नीट वापरता येत नाही, असे माझे मत झाले आहे.

एनव्हिडिया एकाच नावाची लॅपटॉप कार्डे वेगवेगळ्या वीजमर्यादांत विकू देते. आरटीएक्स ३०६० चे उदाहरण घ्या : ही मर्यादा लॅपटॉपच्या जाडीनुसार आणि थंड ठेवण्याच्या सोयीनुसार ६० वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही असू शकते, आणि वर 'डायनॅमिक बूस्ट' असल्यास प्रोसेसरच्या वाट्याची काही वीज गरजेप्रमाणे कार्डाकडे वळवली जाते. माझ्या लॅपटॉपमध्ये हेच कार्ड ८० वॅटचे आहे. याचा अर्थ असा की जड खेळ चालू असताना कार्डाच्या सिलिकॉनची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी त्याचा विजेचा वाटा संपतो. आफ्टरबर्नरच्या आलेखांमध्ये 'पॉवर लिमिट' नावाची एक रेघ लावून घेता येते. ती शून्यावरून एकवर जाऊन तिथेच चिकटून बसली की समजावे, वेग रोखला आहे तो विजेने. लॅपटॉप ओव्हरक्लॉक करण्यापूर्वी, म्हणजे कार्डाला मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्यापूर्वी, दहा मिनिटे फक्त ही रेघ आणि तिच्या शेजारची तापमानमर्यादेची रेघ पाहत बसावे. तापमानाची रेघ वर असेल तर पुढचे सारे सोडून आधी पंखे साफ करावेत.

साधनाची थोडी ओळख. आफ्टरबर्नर मोफत आहे, नाव एमएसआयचे असले तरी इतर कंपन्यांच्या कार्डांवर आणि लॅपटॉपांवरही चालतो, आणि त्याचा पाया रिव्हाट्यूनर या जुन्या, जाणकारांच्या आवडत्या प्रोग्रॅमवर उभा आहे. दोन्हींमागे हात एकाच माणसाचा : 'अनवाइंडर' या टोपणनावाने ओळखले जाणारे अलेक्सेय निकोलायचुक. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच या प्रकल्पाच्या भवितव्याबद्दल शंका व्यक्त केली होती, परंतु त्याच वर्षी ४.६.५ ही आवृत्ती आली आणि काम पुढे चालू राहिले. सोबत रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर येतो. खेळाच्या कोपऱ्यात फ्रेम, वॅट आणि तापमान दाखवणारे आकडे त्याच्याकडून येतात, आणि ओव्हरक्लॉक करायचा नसला तरी केवळ त्यासाठी हा प्रोग्रॅम ठेवावा इतके ते काम चोख आहे. उतरवून घेताना मात्र सावध राहावे. २०२२ च्या अखेरीस हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांवरून आफ्टरबर्नरच्या नावाखाली हानिकारक प्रोग्रॅम वाटले जात असल्याचे उघड झाले होते. एमएसआयचे स्वतःचे संकेतस्थळ किंवा गुरूथ्रीडी, या दोन ठिकाणांखेरीज तिसरीकडे जाण्याचे काही कारण नाही.

आता त्या दोन उघड्या पट्ट्यांकडे वळू. कोअर क्लॉकची पट्टी शंभरने पुढे सरकवली की कार्ड शंभर मेगाहर्ट्झने वेगवान होते, असा सर्वसाधारण समज असतो आणि माझाही होता. प्रत्यक्षात कार्डाकडे एक तक्ता असतो : अमुक व्होल्टेजला अमुक वेग. किती व्होल्टेज वापरायचे हे कार्ड वीज, तापमान आणि कामाचा भार पाहून क्षणोक्षणी ठरवते, आणि पट्टी फक्त त्या तक्त्यातला प्रत्येक वेग तेवढ्याच अंतराने उचलते. मूळ व्होल्टेजमर्यादा जागच्या जागी राहते. म्हणूनच लॅपटॉपवर केवळ ही पट्टी सरकवून कार्ड जळण्याची शक्यता फारच कमी असते. फार तर ते अडखळते, चित्र गोठते, ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांना जोडणारा प्रोग्रॅम) पडतो. बदल फर्मवेअरमध्ये लिहिला जात नसल्यामुळे लॅपटॉप बंद करून चालू केला की मूळ स्थिती परत येते, अर्थात विंडोज सुरू होताना बदल आपोआप लागू करण्याचे बटण आपण आधीच दाबून ठेवले नसेल तर.

मी ते दाबून ठेवले होते. झाले असे की पट्टी पंधरा-पंधराने वाढवत मी १६५ पर्यंत नेली. पंधराने, कारण ट्युरिंग पिढीपासून पुढची एनव्हिडियाची कार्डे वेग साधारण १५ मेगाहर्ट्झच्याच पायऱ्यांनी बदलतात, मधले आकडे मागून काही मिळत नाही. कार्डावर मुद्दाम प्रचंड भार टाकणारा फरमार्क हा चाचणी-प्रोग्रॅम अर्धा तास चालवला. काही झाले नाही. खेळ दोन तास चालला, लढाईच्या सर्वांत गर्दीच्या प्रसंगीही काही झाले नाही. मग मी नकाशा उघडला. चित्र जागीच गोठले, आवाजाचा एक तुकडा अडकलेल्या तबकडीसारखा पुन्हा पुन्हा वाजत राहिला, पडदा दोनेक सेकंद काळा झाला आणि खेळ बंद पडून मी डेस्कटॉपवर आलो. इतका वेळ जड दृश्ये पेलणारे कार्ड एका स्थिर नकाशापुढे कसे पडले, याचे उत्तर आफ्टरबर्नरनेच दिले, कारण सुदैवाने मी आकड्यांची नोंद फाइलमध्ये करायला लावली होती. लढाईत वीजमर्यादेमुळे वेग १५७५ च्या आसपास दाबून धरलेला होता. नकाशा उघडताच भार हलका झाला, वीज शिल्लक पडली, आणि कार्डाने तक्त्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे मूळच्या १८९० अधिक माझे १६५ मिळून २०५५ मेगाहर्ट्झवर उडी मारली. तेवढा वेग त्या व्होल्टेजला त्याला झेपत नव्हता. जड कामात ते तिथवर कधी पोचलेच नव्हते, म्हणून तपासणीत दोष दिसला नव्हता.

हा प्रसंग एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की लॅपटॉप ओव्हरक्लॉक करणाऱ्या बहुतेकांची फसगत इथेच होते. फरमार्क कार्डावर इतका अवास्तव भार टाकतो की ते वीजमर्यादेला डोके टेकून कमी व्होल्टेजवर, कमी वेगात चालत राहते. त्यातून पंखे आणि हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) तपासले जातात, ओव्हरक्लॉकची स्थिरता नव्हे. त्यापेक्षा युनिजिनचा सुपरपोझिशन हा चाचणी-प्रोग्रॅम बरा, थ्रीडीमार्क या दुसऱ्या चाचणी-प्रोग्रॅममधील वीस फेऱ्यांची ताणचाचणी त्याहून बरी, कारण तिच्यात दृश्य पुढे सरकताना भार बदलतो आणि फेऱ्यांमधील सातत्य ९७ टक्क्यांच्या खाली आले तर ती अनुत्तीर्ण ठरवते. आणि सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे आपण नेहमी खेळतो तोच खेळ, मुद्दाम मेनू उघडत, बंद करत, दुसऱ्या खिडकीत जात-येत. विंडोज प्रतिसाद न देणाऱ्या कार्डाला डीफॉल्ट २ सेकंदांची सवलत देते आणि मग ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीत, ४१०१ या क्रमांकाखाली सापडते. खेळ बंद पडला तर दोष खेळाचा की आपला, हे तिथे जाऊन पाहावे.

माझे मत विचाराल तर लॅपटॉपधारकाने कोअर क्लॉकच्या पट्टीला हात लावूच नये. आफ्टरबर्नरचा खरा उपयोग ज्या खिडकीत आहे ती मुख्य पटलावर ठळकपणे दिसत नाही : कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबली की व्होल्टेज आणि वेग यांचा आलेख उघडतो. आडव्या अक्षावर मिलीव्होल्ट, उभ्या अक्षावर मेगाहर्ट्झ, आणि मध्ये चढत जाणारी ठिपक्यांची माळ. हा तोच तक्ता, आता हाताने बदलता येण्याजोगा. एनव्हिडियाच्या पास्कल पिढीपासून पुढच्या कार्डांवर तो चालतो, आणि व्होल्टेजची पट्टी कुलूपबंद असली तरी हा आलेख बहुधा उघडा असतो. वरचे व्होल्टेज वाढवता येत नाही, पण दिलेला वेग कमी व्होल्टेजला मागता येतो. आणि विजेची चणचण असलेल्या लॅपटॉपला हवे असते ते नेमके हेच. सिलिकॉन चिपची धावती वीज ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. तोच वेग ८०० ऐवजी ७२५ मिलीव्होल्टला मिळाला तर या हिशेबाने जवळजवळ १८ टक्के वीज वाचते, आणि वीजमर्यादा तीच असल्यामुळे कार्ड ती वाचलेली वीज वेगासाठी खर्च करू शकते. म्हणजे लॅपटॉपवर अंडरव्होल्ट (व्होल्टेज कमी करणे) हाच ओव्हरक्लॉक.

मी केले ते असे. आधी नेहमीचा खेळ पंधरा मिनिटे चालवून कार्ड गरम होऊ दिले, कारण तापमान वाढले की हा आलेख स्वतःच एक-दोन पायऱ्यांनी खाली सरकतो आणि थंड कार्डावर ठरवलेला आकडा गरम झाल्यावर पंधरा-तीस मेगाहर्ट्झने कमी भरतो. मग ७२५ मिलीव्होल्टचा ठिपका उचलून १६०५ वर नेला, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके शिफ्ट धरून निवडले आणि या ठिपक्याच्या खाली ओढले, आणि बरोबरची खूण दाबली. आफ्टरबर्नर उजवीकडचा भाग आपोआप सपाट करतो. आता कार्ड १६०५ च्या वर जातच नाही, म्हणून नकाशा उघडताच २०५५ वर उडी मारण्याचा प्रकार मुळातूनच बंद झाला. पहिल्या प्रयत्नात मी १६५० मागितले होते, ते दोन दिवस चालले आणि तिसऱ्या दिवशी पडले. मग तीन पायऱ्या खाली आलो. प्रत्येक चिपची कुवत वेगळी असते, तेव्हा माझे आकडे जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही.

फायदा किती झाला हे सांगताना हात राखूनच सांगतो. माझ्या लॅपटॉपवर, एकाच खेळातल्या एकाच जागी, मूळ स्थितीत वेग १४८० च्या आसपास आणि सेकंदाला ६२ फ्रेम होत्या. आलेख बदलल्यावर आणि मेमरी थोडी वाढवल्यावर त्या ६७ झाल्या. वॅट तेवढेच, तापमानही तेवढेच. पाच फ्रेमसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणाल्यास मी वाद घालणार नाही. परंतु फ्रेम साठवर बांधून ठेवल्या, जे रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हरमध्ये एका चौकटीत आकडा भरून करता येते, तेव्हा चित्र पालटले : आधी ७८ वॅट खाणारे कार्ड ६४ वॅटवर आले, तापमान सहा अंशांनी उतरले आणि पंख्यांचा सूर घरघरीवरून हलक्या सळसळीवर आला. ओव्हरक्लॉक करायला बसलो आणि मिळाली ती शांतता; मला तरी हा सौदा पाच फ्रेमपेक्षा मोलाचा वाटला.

मेमरीच्या पट्टीचे गणित निराळे आहे. आरटीएक्स ३०६० ची मेमरी आफ्टरबर्नरमध्ये ७००१ आणि जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १७५० अशी दिसते. दोन्ही आकडे एकाच वेगाचे, मोजण्याची रीत वेगळी, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. शंभर-शंभरने वाढवत जावे आणि दर वेळी तीच चाचणी घेऊन गुण लिहून ठेवावेत. आधी गुण वाढतात, मग वाढायचे थांबतात, आणि पुढे पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके किंवा भलत्याच रंगाचे त्रिकोण दिसू लागतात. काही प्रकारच्या मेमरी, उदाहरणार्थ जीडीडीआर६एक्स, चुकलेली माहिती ओळखून ती पुन्हा पाठवतात. तिथे ठिपके दिसत नाहीत, नुसतेच गुण घसरतात, आणि आकडा मोठा म्हणून आपण खूश असताना कार्ड प्रत्यक्षात मंदावलेले असते. मी अधिक ५०० वर थांबलो. सातशेही चालले असते, परंतु पुष्कळशा लॅपटॉपांवर मेमरीचे तापमान दाखवलेच जात नाही, आणि जे दिसत नाही त्याच्याशी खेळताना हात आखडता घ्यावा हे बरे.

स्वयंचलित ओसी (ओव्हरक्लॉक) स्कॅनरही यात आहे. तो आलेखावरचे काही बिंदू स्वतः तपासून उरलेला आलेख सुचवतो. डेस्कटॉपवर त्याचा उपयोग होत असेल. वीजमर्यादेत अडकलेल्या लॅपटॉपवर त्याच्या सूचना मला कामाच्या वाटल्या नाहीत.

साधन कितीही चांगले असले तरी लॅपटॉपचे शरीर तेच राहते, हे या सगळ्यात विसरू नये. बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या हीटपाइप सामायिक असतात, त्यामुळे एकाची उष्णता दुसऱ्याच्या डोक्यावर बसते. माझ्याकडे आलेखाच्या खालोखाल सर्वांत मोठा फरक पडला तो विंडोजच्या वीजयोजनेत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केल्याने. एवढ्या एका टक्क्याने प्रोसेसरचा टर्बो (गरजेप्रमाणे वेग वाढवण्याची सोय) बंद होतो, आणि ज्या खेळांत प्रोसेसरला फारसे काम नसते तिथे त्याची उष्णता आणि विजेचा वाटा कार्डाला मोकळा होतो. लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटे उचलून ठेवणे आणि जाळीतली धूळ काढणे हे उपाय जुनेच, पण कोणत्याही पट्टीपेक्षा कामाचे. बॅटरीवर असताना तर ओव्हरक्लॉकचा विचारही करू नये. तेव्हा कार्डाला मिळणारी वीज आधीच बरीच कापलेली असते.

तक्रारी म्हणाव्यात अशा तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे मुख्य पटलाची मूळची सजावट : लढाऊ विमानाच्या डॅशबोर्डसारखी दिसते आणि कामाची बटणे शोधावी लागतात. सेटिंग्जमधून साधी स्किन निवडता येते. ती पहिल्याच दिवशी निवडावी. दुसरी गोष्ट लॅपटॉपधारकाला अधिक भोवणारी. प्रोसेसरमधले छोटे आणि वेगळे मोठे असे दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपात काम नसताना मोठे कार्ड झोपी जाते, परंतु आफ्टरबर्नर मागे चालू राहून सारखी तापमानाची विचारपूस करत असेल तर ते जागेच राहू शकते आणि बॅटरी विनाकारण उतरते. म्हणून खेळ संपला की प्रोग्रॅम पूर्ण बंद करावा, केवळ खिडकी लहान करून भागत नाही. तिसरी गोष्ट अशी की लॅपटॉपसोबत आलेला उत्पादकाचा नियंत्रण-प्रोग्रॅमही अनेकदा क्लॉक बदलतो. माझ्याकडे तो 'परफॉर्मन्स' स्थितीत गेला की माझा आलेख पुसून स्वतःचा लावत असे, आणि हे कळायला मला आठवडा लागला. दोघांपैकी एकालाच क्लॉकचे काम द्यावे. पंखे मात्र उत्पादकाच्याच प्रोग्रॅमकडे राहू द्यावेत.

ज्यांना कार्डाचे फर्मवेअर बदलून वीजमर्यादाच वाढवण्याचा मोह होतो त्यांच्यासाठी एवढेच : पुष्कळ लॅपटॉपांत ते लॅपटॉपच्या मूळ बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फर्मवेअरमध्येच) गुंफलेले असते, चुकले तर पडदाच उजळत नाही, आणि अडॅप्टर व वीज पुरवणारे सुटे भाग त्या जास्तीच्या वॅटसाठी बनवलेले नसतात. आफ्टरबर्नर त्या वाटेला नेत नाही, ही त्याची जमेची बाजू. वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्यातील ओव्हरक्लॉकविषयीचे कलम आधी वाचावे, कारण प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी असते.

सध्या माझ्याकडे पाचांपैकी दोनच प्रोफाइल भरलेले आहेत. पहिल्या बटणावर ७२५ मिलीव्होल्टचा आलेख आणि मेमरी, दुसऱ्यावर कार्डाची मूळ स्थिती. विंडोजसोबत आपोआप लागू करण्याचे बटण बंद आहे, आणि ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली की दुसऱ्या बटणापासून सुरुवात करून पहिल्याची चाचणी पुन्हा घेतो. गेल्या दीड वर्षात अशा एका अद्ययावतीनंतर १६०५ चे १५९० करावे लागले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तेव्हापासून ४१०१ दिसलेला नाही.